अकरावी रांग

आमच्या संस्थेत माणसांना घाबरवतात आणि ती किती वेळात पळतात ते मोजतात. सरकारी कागदावर याचं नाव भारदस्त आहे: प्रवासी केबिन सुरक्षा संशोधन कार्यक्रम. पण नात्यातल्या कुणी विचारलं की मी पहिलंच उत्तर देते. "आणि याचा पगार मिळतो?" असं एका मावशीने डोळे मोठे करून विचारलं होतं. मिळतो. बारा वर्षं मिळतोय.

शहराबाहेर, वापरात नसलेल्या धावपट्टीच्या कडेला आमचा हँगर आहे. आत विमानाचा फक्त मधला भाग उभा आहे. पंख नाहीत, शेपूट नाही, इंजिन नाही. लोखंडी पायांवर, जमिनीपासून एक मजला उंच. आत पंधरा रांगा, मधून वाट, वाटेच्या डावीकडे अ-ब-क, उजवीकडे ड-इ-फ, अशी नव्वद आसनं. कधीकाळी निळा असलेला गालिचा. आणि रबराचा, घामाचा, नाटकात सोडतात तसल्या बिनविषारी धुराचा मिळून एक वास, जो सुट्टीच्या दिवशीही माझ्या केसांतून जात नाही. या सगळ्याला आम्ही 'पिंप' म्हणतो. साहेबांना, म्हणजे आमच्या संचालकांना, हा शब्द आवडत नाही. पण तेही बेसावध असले की पिंपच म्हणतात.

चाचणीच्या दिवशी स्वयंसेवक येतात. प्रत्येकाला नारिंगी जॅकेट, पाठीवर आसनाचा क्रमांक. ते बसले, पट्टे लावले, की आम्ही दार लावतो, हँगरचे दिवे घालवतो आणि धूर सोडतो. मग घंटा होते. नव्वद सेकंदांत सगळ्यांनी पुढच्या दाराने घसरगुंडीवरून खाली यायचं. धुरात सतत एक सूचना वाजत राहते, "आधी स्वतःचा पट्टा सोडा, मगच शेजाऱ्याला मदत करा." आवाज माझा आहे. आवाजात जरब आहे म्हणून साहेबांनी माझी निवड केली. ते वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता ते मला ऐकू येत नाही.

बाकीचे पाय बघतात, मी हात बघते. विमानातला पट्टा पोटावर असतो. बकलचं झाकण वर उचललं की सुटतो, लहान मुलालाही जमेल. पण घंटा झाली आणि समोरचं दिसेनासं झालं की चांगली शिकलीसवरलेली माणसं पोटाकडे हात नेतच नाहीत. हात जातो कमरेच्या बाजूला, गाडीत जिथे पट्ट्याचं लाल बटण असतं तिथे. विमानात तिथे काहीही नसतं. तरी अंगठा दाबत राहतो. डोक्याला माहीत असतं, हाताला नसतं. बहुतेकांना तीन-चार सेकंदांत भान येतं. काहींना येत नाही.

माझ्या दादाला आलं नाही.

दादा टॅक्सी चालवायचा. वीस वर्षं दिवसातून पन्नासदा तेच लाल बटण. नऊ वर्षांपूर्वी तो पहिल्यांदाच विमानात बसला. खिडकी मिळावी म्हणून काउंटरवर हुज्जत घातली आणि ती मिळाल्यावर मला फोन करून मोठ्या तोऱ्यात सांगितलं. उतरताना विमान धावपट्टीवरून घसरलं. पंखाखाली आग लागली. इतर सगळे बाहेर पडले, दादा पडला नाही. आग त्याच्यापर्यंत पोचलीही नव्हती, नुसता धूर. चौकशी अहवालात त्याच्यावर तीन ओळी आहेत. 'आसन अकरा अ. पट्टा बंद. कमरेच्या डाव्या बाजूच्या आच्छादनावर अंगठ्याच्या दाबाच्या अनेक खुणा.'

आईने नऊ वर्षांत मला एकच प्रश्न विचारलाय. "नुसता पट्टाच होता ना गं?" भाजी निवडता निवडता विचारते, टीव्हीवर जाहिरात लागली की विचारते. मी हो म्हणते. तेव्हाही मी इथेच नोकरीला होते. पट्टा कसा उघडतो हे मला झोपेतही सांगता आलं असतं, पण घरी आल्यावर कामाचं बोलायचा मला कंटाळा. एकदा, चहा पिता पिता, त्याला सांगितलं असतं तर माझं काय जात होतं? या प्रश्नाचं उत्तर मी कुणाला दिलेलं नाही. दादा गेल्यावर मी पायांचं काम सोडून हातांचं मागून घेतलं.

चौकशीवाल्यांनी सीलबंद पिशवीतून त्याचं घड्याळ आणि टॅक्सीची किल्ली परत केली. घड्याळ आईकडे आहे, किल्ली माझ्या खिशात. टॅक्सी घरासमोर ताडपत्रीखाली उभी असते. मला चालवता येत नाही, आणि विकायचा विषय काढला की आई ताटावरून उठते. दादाला त्या किल्लीचा एक चाळा होता. कडीत बोट घालून ती गरगर फिरवायची, मुठीत झेलायची, आणि मूठ मांडीवर दोनदा आपटायची. चहा हवा असला तरी तेच, भांडण झालं तरी तेच.

आता मिस्त्रीकाकांबद्दल सांगायला हवं. पिंपातलं लाकूड, लोखंड, कापड सगळं त्यांच्या हातचं. आणि चाचणी संपल्यावरची हाळीही त्यांचीच. फार पूर्वी एका चाचणीत एक बाई धुरात बेशुद्ध होऊन चौदाव्या रांगेत पडून राहिली आणि आम्ही सगळे बाहेर चहा पीत होतो. तेव्हापासून नियम झाला. दिवे लागले की काकांनी मागून पुढे यायचं, प्रत्येक आसनाच्या माथ्याला हात लावायचा आणि मोठ्याने सांगायचं, "पंधरा क, रिकामी. पंधरा ब, रिकामी." खाली टेबलाशी मी खुणा करायच्या. नव्वद झाल्या की चाचणी संपली. नियमाचा कागद मीच छापून दारात चिकटवलाय, 'हात लावल्याशिवाय रिकामी म्हणू नये.'

या वर्षी एका चाचणीत अकराव्या रांगेतलं डावीकडचं तीन आसनांचं बाकडं मोडलं. एक धिप्पाड स्वयंसेवक त्यावर पाय देऊन उडी मारायला गेला. नवीन मागवायचं तर सरकारी मंजुरीला सहा महिने, आणि कार्यक्रमाची मुदत तीन महिन्यांत संपत होती. काकांनी गोदामातून एक जुनं बाकडं शोधून आणलं. चौकशी संपलेल्या अपघातांचं सामान तिथे असतं, पण त्यांनी ते धुऊन, नवं कापड चढवून इतकं छान बसवलं की कुणी विचारलंच नाही. मी त्याच्या बकलमध्ये आणि प्रत्येक आसनाच्या कमरेशी दोन्ही बाजूंना माझे सेन्सर चिकटवले. अंगठ्याचा दाब ते नोंदवतात.

पहिल्या चाचणीत अकरा अ मध्ये एक बाई होत्या. कामानिमित्त दर आठवड्याला विमानाने जाणाऱ्या, बोलायला चटपटीत. त्या सगळ्यांत शेवटी खाली आल्या, त्याही शेजारच्या माणसाने ओढून काढल्यामुळे.

"काय झालं?" मी विचारलं.

"पट्टा कसा उघडायचा तेच आठवेना." त्या हसायला गेल्या आणि हसू आलं नाही. "मला नाही आठवलं? मला?" डाव्या हाताचा अंगठा त्यांनी दुसऱ्या मुठीत धरून ठेवला होता.

वर काकांची हाळी चालू होती. "अकरा क, रिकामी. अकरा ब, रिकामी." मग नुसती पावलं. "अकरा ड, रिकामी."

"काका, एक राहिलं!" मी खालून ओरडले.

"नाही राहिलं," ते वरून म्हणाले.

खाली आल्यावर मी त्यांना गाठलं. ते रुमालाने हात पुसत होते, पुसण्यासारखं काही नसताना.

"अकरा अ म्हणालाच नाहीत तुम्ही."

"हात नाही लावला, ताई. लावल्याशिवाय म्हणायचं नाही ना?"

"मग लावायचा."

"नाही लावला," ते पुन्हा म्हणाले. "आणि मी खोटं बोलत नाही."

साहेब घड्याळाकडे बघत होते. नव्वदावी खूण मी माझ्या मनानेच केली.

त्या दिवशीची नोंद मी संगणकावर उघडली आणि आधी वैतागले. अकरा अ, कमरेची डावी बाजू, एकेचाळीस दाब. कुणी एकेचाळीस वेळा दाबत नाही. शिवाय सहाव्या सेकंदाला सुरू झालेले दाब बाई खाली आल्यावरही चालू होते. आमचा उपकरणांचा इंजिनीअर, ज्याला सगळे तारवाला म्हणतात, त्याने नोंद पाहून जांभई दिली.

"तार खराब असेल, मॅडम. बदलतो."

त्याने तार बदलली. दुसऱ्या चाचणीत एकेचाळीस. त्याने सेन्सर बदलला, नवा कोरा, पाकीट माझ्यासमोर फोडलं. मी त्या आसनावर कुणाला बसवूच नका म्हटलं. तिसऱ्या चाचणीत अकरा अ मोकळं होतं. पट्ट्याची दोन टोकं आसनावर अलग ठेवून मी स्वतः फोटो काढला होता.

एकेचाळीस. सहाव्या सेकंदाला पहिला. सुरुवातीचे जोरकस, भराभर. मग अंतर वाढत गेलेलं. शेवटचे सात-आठ इतके हलके की नोंद म्हणाव्यात की नाही असा प्रश्न पडावा. नंतर काही नाही.

तारवाल्याने या वेळी जांभई दिली नाही. "गोदामातलं आहे ना हे बाकडं?" एवढंच म्हणाला आणि त्याला दुसरीकडे काम असल्याचं आठवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टॉर्च घेऊन पिंपात गेले. हँगरची मोठी दारं उघडी होती, ऊन आत आलं होतं, बाहेर कुणीतरी गवत कापत होतं. भीती वाटावी असं तिथे काहीच नव्हतं. मी वाटेत आडवी पडून बाकड्याखाली उजेड टाकला. लोखंडी पट्टीवर ठोकलेला क्रमांक काकांनी रंगवलेल्या रंगाखालून वाचता येत होता. मला चौकशी अहवालात बघायची गरज पडली नाही. त्यातला दादाच्या बाकड्याचा क्रमांक मला आमच्या घरच्या फोनसारखा पाठ आहे.

मी तशीच पडून राहिले. किती वेळ, माहीत नाही. मी मनाला बजावत होते की लोखंड म्हणजे लोखंड, कापड म्हणजे कापड. शेवटी उठले ती काकांकडे गेले.

"तुम्हाला माहीत होतं?"

"कुणाचं ते नव्हतं माहीत," ते म्हणाले. "कापड चढवताना कमरेशी बोटाएवढे खळगे लागले. बुजवले मी. सकाळी बघितलं तर परत होते." मग माझ्या तोंडाकडे बघून ते थांबले. "ताई, कोण?"

"माझा भाऊ."

काका स्टुलावर बसले. म्हणाले, "काढू का ते बाकडं?"

मी नको म्हटलं. नोंदी अर्ध्यावर बिघडतील, असं कारण दिलं. ते खोटं होतं आणि आम्हा दोघांनाही ते कळत होतं. मला ते एकेचाळीस दाब हवे होते. नऊ वर्षांत दादाचं एवढंच काहीतरी माझ्याकडे आलं होतं. पुढच्या दोन चाचण्यांत मी खाली टेबलाशी बसून पडद्यावर ती रेघ वर-खाली होताना बघत होते. प्रत्येक वेळी मनात म्हणत होते, वर उचल, दादा, वर. आणि प्रत्येक वेळी तो दाबत राहायचा, दमायचा, थांबायचा.

हे मी कुणाला सांगितलं नाही. आईला तर नाहीच. रात्री जेवताना ती म्हणाली, "टॅक्सी एकदा कुणाकडून तरी सुरू करून घे. बॅटरी उतरेल." मी हो म्हटलं. ताटाखालून माझा डावा अंगठा मांडीवर काहीतरी दाबत होता. मी तो आवरला.

मग साहेबांनी बैठक घेतली. स्वारी खुशीत होती. कार्यक्रमाला मुदतवाढ मिळाली होती आणि नवं पिंप येणार होतं, जास्त रांगांचं. शुक्रवारी जुन्यातली शेवटची चाचणी. सोमवारी जुनी आसनं भंगारात.

"भंगारात म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे यंत्रात घालून चेपतात. चौकोनी ठोकळे." साहेबांनी दोन्ही तळहात एकमेकांवर दाबून दाखवले. "का हो? आठवण म्हणून एखादं घरी न्यायचंय?"

सगळे हसले. मीही हसले. पण ते दोन तळहात माझ्या डोळ्यांपुढून हलेनात. यंत्रात बाकडं जाईल आणि तो अजून पट्टा लावून बसलेला असेल, दाबत असेल. इतके दिवस मी हे वाक्य मनातही पुरं केलं नव्हतं. त्या बैठकीत ते पुरं झालं. दादा अजून बाहेर पडायचा प्रयत्न करतोय, आणि सोमवारपर्यंत त्याला बाहेर काढणारं माझ्याशिवाय कुणी नाही.

एरवीच्या वेळी मी जाऊन पाहिलं नव्हतं असं नाही. दोनदा दिवसाउजेडी त्या आसनाशेजारी बसून हाका मारल्या होत्या. मूर्खासारखं वाटलं, बाकी काही झालं नाही. घंटा, अंधार आणि धूर असल्याशिवाय तो तिथे नसायचा.

संस्थेच्या माणसाने चाचणीत बसायचं नसतं. आम्हाला सगळं माहीत असतं, त्यामुळे नोंद बिघडते. शुक्रवारी मी स्वयंसेवकांच्या यादीत अकरा ब समोर स्वतःचं नाव घातलं आणि जॅकेट चढवलं. खिशातल्या वस्तू काढून ठेवायच्या असतात. किल्ली मी काढली नाही.

काका दारातच उभे होते.

"ताई, बसू नका."

"नव्वद सेकंदांचा तर प्रश्न आहे."

"मी काढतो ना बाकडं. आत्ता काढतो. तुमच्या घरी नेऊन ठेवतो."

"आणि मग? आयुष्यभर घरात तो दाबत बसेल?"

ते बाजूला झाले. मी जाताना म्हणाले, "पट्टा उघडता येतो हो मला, काका. तेवढंच तर येतं."

अकरा क मध्ये एक तरुण शिक्षक होते. आपण पहिल्यांदाच आलोय, गुडघा जरा दुखतो, असं त्यांनी सांगितलं. मी मध्ये बसले. माझा पट्टा लावला, घट्ट ओढला. डावीकडे अकरा अ, खिडकीशी. तिथला पट्टा उघडा होता, दोन टोकं अलग पडलेली. खिडकीतून खाली हँगरची फरशी, माझं टेबल, पडद्यापुढे बसलेला तारवाला आणि घसरगुंडीचं टोक दिसत होतं. साहेबांनी मला हात केला.

दार लागलं, दिवे गेले.

धुराची फुसफुस सुरू झाली आणि तो ओळखीचा वास आला. मागे कुणीतरी खोकलं, कुणी उगीच हसलं. अंधारात माणसं बसल्याची एक ऊब असते, ती मला तिन्ही बाजूंनी जाणवत होती.

तिन्ही नाही. चारही.

घंटा झाली. एकदम खटाखट बकलं सुटली, पाय आपटले, आरडाओरडा सुरू झाला. मी मोजत होते. चार. पाच. सहा.

टक.

डावीकडे, खाली, कमरेच्या उंचीवर. बोटाने कडक कापड दाबल्यावर होतो तेवढाच आवाज.

टक. टक. टक.

"चला, बाई!" शिक्षक ओरडले आणि गेले.

मी हात डावीकडे नेला. मघाशी उघडा पाहिलेला पट्टा बंद होता. तो आसनावर सैल पडलेला नव्हता. पोटावरून आवळावा तसा उचललेला आणि ताणलेला होता. माझा हात त्यावरून पुढे सरकला आणि दुसऱ्या कुणाच्या तरी हातावर पडला.

हात गरम होता. अंगठ्याच्या मुळाशी जाड घट्टा होता. स्टिअरिंगचा. लहानपणी रस्ता ओलांडताना हाच घट्टा माझ्या तळहाताला खुपायचा.

"दादा," मी म्हणाले. "अरे, तिथे नाही. मध्ये. वर उचलायचं."

टक. टक.

"दादा, मी सांगायला हवं होतं. मी नाही सांगितलं. आता सांगते. वर उचल."

तो ऐकत नव्हता. दाब मंदावत चालले होते. मी सव्विसापर्यंत मोजलं होतं. माझा पट्टा पोटात रुतत होता, तरी मी जितकं जमेल तितकं वाकले, दोन्ही हातांनी तो हात धरला आणि ओढत मध्ये आणला. एकेक बोट बकलच्या झाकणाखाली सरकवलं. त्याच्या हातावर माझा हात ठेवला.

आणि उचलला.

खट.

पट्टा सैल झाला. टकटक थांबली. माझ्या हातातला हात निघून गेला, सावकाश, बोटं एकेक करून सोडवत. मी ओक्साबोक्शी रडत होते. नऊ वर्षांत अशी रडले नव्हते. धुरात माझ्या गुडघ्यांना घासून कुणीतरी वाटेकडे गेलं.

डोक्यावरून तो आवाज आला. माझाच, जरबेचा. किती वर्षांनी मला तो नीट ऐकू आला.

"आधी स्वतःचा पट्टा सोडा, मगच शेजाऱ्याला मदत करा."

मी डोळे पुसले आणि माझा पट्टा सोडायला हात नेला. कमरेच्या डाव्या बाजूला.

तिथे बटण नव्हतं.

मला माहीत होतं की नसतं. झाकण मध्ये असतं, वर उचलायचं असतं. हे मी शेकडो लोकांना शिकवलंय. मी स्वतःला तेच सांगितलं, मोठ्याने, शब्द न शब्द. अंगठा दाबत राहिला.

दिवे लागले. धूर खाली बसायला लागला. पिंपात कुणी नव्हतं.

"काका!" मी हाक मारली.

खिडकीतून खालचं सगळं स्वच्छ दिसत होतं. नारिंगी जॅकेटांची गर्दी, कुणी गुडघे झाडतंय, कुणी पाणी पितंय. घसरगुंडीच्या टोकाशी साहेब एका बाईशी बोलत होते. त्यांनी तिच्या पाठीवर थाप मारली. ती वळली.

पाठीवर अकरा ब होतं.

माझे केस. माझा चष्मा, जरा तिरका झालेला. ती छाती भरून श्वास घेत होती, जणू हवा खायची वस्तू आहे. साहेबांच्या कसल्याशा विनोदावर ती मान मागे टाकून हसली. मी तशी हसत नाही. मग तिने खिशात हात घातला, टॅक्सीची किल्ली काढली, कडीत बोट घालून गरगर फिरवली आणि मुठीत झेलली.

मूठ मांडीवर दोनदा आपटली.

आणि ती दाराकडे निघाली, घराकडे निघालेलं माणूस चालतं तशी. आई या वेळी खिडकीतच बसलेली असते.

मी ओरडले. काचेवर हात आपटावा म्हटलं तर उजवा हातही माझ्या कमरेकडेच गेला होता, डाव्याच्या मदतीला.

मागे पावलं वाजली. काकांची हाळी सुरू झाली.

"पंधरा क, रिकामी. पंधरा ब, रिकामी."

मी गप्प झाले. जिवात जीव आला. काका येतील, हात लावतील. काका प्रत्येक आसनाला हात लावतात.

"बारा ड, रिकामी. बारा इ, रिकामी. बारा फ, रिकामी."

ते माझ्या रांगेशी आले. शेजारच्या आसनाच्या माथ्याला त्यांनी हात लावला. "अकरा क, रिकामी." मग हात माझ्या डोक्यावर आला. केसांपासून चार बोटं वर. त्याची ऊब मला लागत होती. तो हात तिथेच थांबला.

"काका," मी म्हणाले. "वर उचला. झाकण वर उचला फक्त."

हात मागे गेला. त्यांनी ओठ मिटून घेतले. मला ओलांडून, मला लागू नये अशा बेताने वाकून, त्यांनी खिडकीकडच्या आसनाला तळहात टेकवला. पहिल्यांदाच.

"अकरा अ," त्यांचा आवाज फुटला. "रिकामी."

"काका," तारवाला खालून ओरडला, "एक राहिलं!"

काका उत्तर न देता वाटेपलीकडच्या आसनांकडे वळले.

"अकरा ड," ते म्हणाले, "रिकामी."